मासेचोरीची फिर्याद

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी मी निवृत्तीच्या दिवशी गणवेशाबरोबर घडी घालून ठेवल्या. हे एक प्रकरण तेवढे ठेवलेले नाही. ते विसरावे असे काही लोकांना फार वाटते, म्हणून तर मुद्दाम लिहितो आहे. खटला अजून न्यायालयात आहे, त्यामुळे नावे लिहीत नाही. गावाचेही नाव लिहीत नाही. ज्याला स्वतःला ओळखायचे असेल त्याने खुशाल ओळखावे.

मी मूळचा असोद्याचा, जळगावजवळच्या केळी-कापसाच्या गावातला. सहायक पोलीस निरीक्षक म्हणून माझी नेमणूक धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्याला झाली. ठाणे म्हणजे कौलारू इमारत, समोर लिंब, मागे जप्त केलेल्या गंजक्या मोटारसायकली. हद्दीत पाड्यांची संख्या मोठी आणि माझे मनुष्यबळ तुटपुंजे. आमच्या गावची बोली वेगळी, त्यामुळे तिथली अहिराणी मला सुरुवातीला निम्मीच कळायची. ती शिकवली आमच्या जुन्या हवालदारांनी. सगळे ठाणे त्यांना नाना म्हणायचे, मीही.

सकाळी दहाच्या सुमारास हजेरी घेऊन मी टपाल पाहत होतो, तेव्हा आवारात ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत सात बायका, चार पुरुष, ओली जाळी आणि दोन टोपल्या मासे. मागून एक पांढरी गाडी आली. तिच्यातून इस्त्रीच्या कपड्यांतला एक गृहस्थ उतरला. हातात प्लास्टिकची फाइल. तो म्हणाला, "मी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा सचिव. तलावाचा ठेका आमच्या संस्थेकडे आहे. आमच्या रखवालदारांनी ह्यांना मासे चोरताना रंगेहाथ पकडलंय. गुन्हा दाखल करा."

इथे थोडे धोरणाबद्दल सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. पाटबंधारे तलावातली मासेमारी शासन ठरावीक वर्षांसाठी ठेक्याने देते. ठेका घेणाऱ्याने तलावात मत्स्यबीज सोडायचे, ते वाढवायचे आणि मासे धरायचे. यात पहिला हक्क स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला असतो. सभासद हे त्या भागात राहणारे, प्रत्यक्ष जाळे टाकणारे असावेत, अशी अट आहे. जाळी, होडी, बीज यांसाठी अनुदानही मिळते. धोरण वाईट नाही. ज्याने लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर कंबरभर पाण्यात उभा राहणारा माणूस होता, हे वाचताना कळते. पुढे त्याचे काय होते, ते मी त्या दिवशी पाहिले.

चोरी हा दखलपात्र गुन्हा. लेखी तक्रार समोर आल्यावर गुन्हा दाखल करणे मला भाग होते, मी तो केला. टोपल्यांचा पंचनामा झाला. मुद्देमाल कारकून नाकाला रुमाल लावून म्हणाला, "साहेब, हा मुद्देमाल कोर्टापर्यंत टिकत नाही." मी फोटो काढायला लावले आणि विल्हेवाटीची परवानगी मागणारा अर्ज न्यायालयाकडे पाठवला. एका बाईचे मनगट सुजलेले होते. विचारले, तर तिने पदर ओढून ते झाकले. बरोबर आलेल्या रखवालदाराच्या हातातली काठी मात्र दिसत होती. मी तिला वैद्यकीय यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावाचे पत्र, देऊन महिला शिपायाबरोबर ग्रामीण रुग्णालयात पाठवले. सचिवाला ते आवडले नाही. त्याने घड्याळ पाहिले.

मग कागदावर अंगठे घेण्याची वेळ आली. बाकीचे मुकाट पुढे आले. एक बाई जागची हलली नाही. पंचावन्नच्या आसपास वय, गुडघ्यापर्यंत ओले लुगडे. तिला सगळे अक्का म्हणत होते.

"मी अंगठा देवाव नही," ती म्हणाली.

नाना समजावू लागले, "अक्का, पंचनामा शे. फक्त अंगठा."

"पहिले वाची दखाडा. काय लिखेल शे, ते बठ्ठं वाचा. मंग देखसू."

सचिव हसला. "साहेब, ह्या लोकांना काय वाचून दाखवायचं?"

त्याचे ते हसणे मला झोंबले, हे कबूल करतो. नाहीतर कदाचित मीही नानांना म्हणालो असतो की आटपा लवकर. मी खुर्ची ओढली, अक्कांना बाकावर बसवले आणि पंचनामा मोठ्याने वाचला. नंतर फिर्याद वाचली. फिर्यादीत संस्थेचे नाव आले तेव्हा तिने विचारले, "हाई संस्था कोननी शे? तिना मुख्या कोन?"

प्रश्न सरळ होता. सचिवाने फिर्यादीला ठेक्याच्या करारनाम्याची प्रत जोडली होती. मी शेवटचे पान उलटले आणि वाचू लागलो, "संस्थेतर्फे अध्यक्षा, श्रीमती..." पुढचे नाव वाचले आणि थांबलो. ते नाव मी दहा मिनिटांपूर्वीच माझ्या हाताने लिहिले होते. आरोपींच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर.

तेच पूर्ण नाव, तेच नवऱ्याचे नाव, तोच पाडा. करारनाम्यावर त्याखाली शाईचा अंगठाही होता.

नानांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले. मी अक्कांना नाव पुन्हा वाचून दाखवले.

"हाई ते मन्हंच नाव शे," ती म्हणाली. मग सचिवाकडे पाहून सावकाश बोलली, "मंग मी मन्हाच घरमा चोरी करी का, साहेब?"

सचिव म्हणाला की नामसाधर्म्य असेल. मी विचारले, "त्याच पाड्यावर, त्याच नवऱ्याच्या नावाची दुसरी बाई आहे का?" तो म्हणाला की कार्यालयात पाहून सांगतो. फाइल मागू लागला. मी म्हटले, "फाइल आता तपासाचे कागद आहेत. पोच घेऊन जा." नानांनी शांतपणे पोच लिहिली.

त्या दिवशी मी कोणालाही अटक दाखवली नाही. अकरा जणांना नोटीस देऊन घरी पाठवले. दुपारी अडीचला पहिला फोन आला. एक पुढारी होते. "साहेब, मासेचोर सोडून दिले म्हणे तुम्ही? सरकारी ठेका आहे. संध्याकाळपर्यंत अटक झाली पाहिजे." मी म्हटले, तपास चालू आहे. तासाभराने वरिष्ठांचा फोन आला. तेच शब्द, फक्त आवाज दुसरा. मी म्हटले, "सर, लेखी आदेश द्या, लगेच अटक दाखवतो." दोन्ही फोनची नोंद मी ठाणे दैनंदिनीत केली, वेळेसकट. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे पाहिले. त्याला म्हटले, "लिहिलेलं पुसता येत नाही, म्हणून तर डायरी असते."

दुसऱ्या दिवशी सहकार खात्याकडे आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे पत्रे पाठवून संस्थेची मूळ कागदपत्रे मागवली. दोन स्मरणपत्रांनंतर ती मिळाली. एकतीस सभासद. प्रत्येकाच्या अर्जावर फोटो, आधारकार्डाची प्रत आणि अंगठा. पडताळणीच्या रकान्यात लिहिले होते, 'समक्ष स्थळपाहणी केली, सर्व सभासद क्रियाशील मच्छीमार आढळले.' हे खरेच होते. सर्व सभासद क्रियाशील मच्छीमार होते. फक्त आपण सभासद आहोत हे त्यांना माहीत नव्हते.

ती यादी घेऊन मी आणि नाना पाड्यावर गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर बसलो. लोक जमले, पण दूर उभे राहिले. पोलीस यादी घेऊन आले की लोक जवळ येत नाहीत, हा सगळीकडचा अनुभव. मी म्हटले, "नाव वाचतो. ज्याचं असेल त्याने हो म्हणावं, एवढंच."

पहिले नाव वाचले. मग मागून एका म्हाताऱ्याने हात वर केला, "शे." दुसरे नाव. "शे." तिसरे. आवाज हळूहळू मोठे होऊ लागले. शाळेत हजेरी चालावी तसे चालले होते, बायका एकमेकींना ढकलून हसत होत्या. एकोणिसाव्या नावाला कोणी उत्तर दिले नाही. मी पुन्हा वाचले. अक्का म्हणाल्या, "ती मन्ही जाऊ. ती मरी गई."

मी अर्जाची तारीख पाहिली, ग्रामसेवकाकडून मृत्यूची नोंद मागवली. बाई वारल्यावर चार महिन्यांनी तिने सभासदत्वासाठी अर्ज केला होता आणि पहिल्या सर्वसाधारण सभेला हजरही राहिली होती.

कागद गेले कसे, तेही तिथेच उलगडले. काही वर्षांपूर्वी हाच सचिव पाड्यावर आला होता. 'सरकार अनुदानावर जाळी देणार आहे, आधारकार्डाची प्रत आणि फोटो द्या,' असे सांगून गेला. लोकांनी दिले. जाळी आली नाहीत. अक्का दोनदा तालुक्याला जाऊन विचारून आल्या. कोणी दाद दिली नाही. मग त्यांनी विचारणे सोडले आणि जुनी जाळी शिवून वापरत राहिल्या. मधल्या काळात तलावावर रखवालदार आले, फलक लागला, 'मासेमारीस सक्त मनाई.' मासे एका व्यापाऱ्याच्या गाडीतून शहरात जाऊ लागले. संस्था पाड्याची, पण मासे त्या व्यापाऱ्याचे, आणि सचिव त्याचा नोकर, असा सगळा मामला होता.

"मन्हा बाप बी याच पानीमा जाळं टाके," अक्का म्हणाल्या. "आमनं गाव बुडनं तव्हय हाऊ तलाव व्हयना. आते आम्हीच चोर?"

गाव बुडवून तलाव झाला होता, हे मला तेव्हा कळले. मी अक्कांचा जबाब लिहून घेतला. बनावट दस्तऐवज आणि फसवणुकीचा वेगळा गुन्हा त्यांच्या फिर्यादीवरून दाखल केला. फिर्याद पूर्ण वाचून दाखवल्यावर त्यांनी अंगठा दिला.

आता अंगठे. संध्याकाळी ठाण्यात बसून मी भिंगाखाली एकतीस अर्ज पाहत होतो. मी तज्ज्ञ नाही, पण तीस वर्षांच्या नोकरीत शेकडो ठसे घेतले आहेत. आठव्या अर्जावर ठशाच्या मधून एक पांढरी तिरपी रेघ दिसली, जुन्या जखमेच्या वणाची असते तशी. अकराव्यावर तीच. तेराव्यावर तीच, फक्त अंगठा आडवा दाबलेला. अध्यक्षांच्या करारनाम्यावरही तीच. सगळे मिळून सतरा अर्ज निघाले. उरलेल्या चौदा ठशांत रेघ नव्हती, पण तेही एकमेकांसारखेच दिसत होते. मी नानांना भिंग दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "साहेब, या पाड्यावर बठ्ठ्यास्ना अंगठा एकच जागावर कापेल शे का?"

मी सकाळी पहिल्याच टपालाने मूळ कागद अंगुलिमुद्रा विभागाकडे रवाना केले. जावक क्रमांक घेतला, पोच मागवली. ते किती बरे केले, ते पुढे कळले.

वण असलेला अंगठा शोधायचा कुठे? खबर मिळाली ती बर्फवाल्याकडून. व्यापाऱ्याला मासे भरायला लागणारा बर्फ तो पुरवायचा. मी त्याच्याकडे गेलो होतो तो गाडीच्या वेळा विचारायला. बोलता बोलता मी म्हटले, तिकडे कोणाचा अंगठा कापलेला आहे का. तो हसला. "मासे कापतो त्याचा. दुकानात बसून दिवसभर कोयता चालवतो. डावा अंगठा मधून फाटलेला आहे, साहेब. आमच्या वहीत बर्फाला अंगठा तोच मारतो."

मासे कापणारा हा माणूस कधीकधी गाडीबरोबरही फिरायचा. सोनगीरजवळ महामार्गावर नाकाबंदी चालू असताना, तिथल्या ठाण्याला रीतसर कळवून आम्ही गाडी थांबवली. चाळिशीचा, हडकुळा, अंगाला मासळीचा वास. मला पाहताच त्याने डावी मूठ मिटली. गुन्हेगार तोंडाने नंतर बोलतो, अंग आधी बोलते, हे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत असे.

ठाण्यात त्याला बसवले, पाणी दिले, चहा मागवला. काही अधिकारी हात उगारून सुरुवात करतात. मार खाऊन माणूस जे बोलतो ते न्यायालयात उभे राहत नाही आणि आपल्यालाही नीट झोप लागत नाही. तासभर तो म्हणत राहिला की मला काही माहीत नाही. मी एक कोरा कागद आणि शाईची डबी त्याच्यासमोर ठेवली. शेजारी अध्यक्षांच्या अंगठ्याची मोठी केलेली प्रत ठेवली. तो त्या रेघेकडे बघत राहिला. मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"एवढी मोठी दिसते व्हय?" तो म्हणाला.

"केव्हा केलंस?"

"दुपारी. सेठच्या गोडावनात. सचिवांनी गठ्ठा ठेवला समोर. म्हणाले, इथं मार, इथं मार. एकदा डावा, एकदा उजवा. कधी आडवा धर म्हणाले. मला वाटलं बर्फाचे, मासळीचे कागद असतील." तो थांबला. "मग एक कागद पाहिला, त्याच्यावर बाईचा फोटो. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, तुला काय करायचंय. साहेब, त्या दुपारी मी किती माणसं झालो ते मला ठाऊक नाही. बायका पण झालो."

"मेलेली पण झालास," मी म्हटले आणि एकोणिसावा अर्ज पुढे सरकवला. फोटोतल्या बाईची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा उतरला. तोही गरीबच होता, कोणाच्या तरी दुकानात बसून कोयता चालवणारा. त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब द्यायची तयारी दाखवली आणि दिलाही.

अंगुलिमुद्रा विभागाचा अहवाल आला. एकतीस सभासद, दोन अंगठे, एक माणूस.

सचिवाला अटक झाली, त्याच्या मागोमाग व्यापाऱ्याला. फसवले गेलेले सगळे आदिवासी, त्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम वाढले आणि नियमाप्रमाणे तपास उपअधीक्षकांकडे गेला. त्याच आठवड्यात माझी बदली झाली. जिल्हा नियंत्रण कक्ष. पोलिसांत सगळ्यांना कळते की ही नेमणूक नव्हे, कोपऱ्यात उभे करणे आहे. एका सहकाऱ्याने मला समजुतीने सांगितले, "अकरा माणसांना चोरीत दाखवलं असतं, तर कोणी विचारलं नसतं. कशाला अंगावर घेतलंस?" मी त्याला म्हटले, "कोणी विचारलं नसतं, म्हणूनच." तोवर मूळ कागद, अहवाल, जबाब, सगळे माझ्या हातातून आणि बदली करवणाऱ्यांच्याही हातातून निसटून न्यायालयात पोचले होते. बदली करून जावक क्रमांक मागे घेता येत नाही.

मासेचोरीच्या गुन्ह्यात मी जाण्याआधी 'बी समरी' पाठवली होती, म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा अहवाल. न्यायालयाने ती मान्य केली. जाळी परत मिळाली, पण कुजलेली. ठेका रद्द झाला. पाड्याच्या लोकांची संस्था पुन्हा, खरी, नोंदली गेली. त्याला दोन वर्षे लागली. खोट्या संस्थेच्या कागदांत एकही त्रुटी निघाली नव्हती, खऱ्या संस्थेच्या कागदांत चौदा निघाल्या. अक्का प्रत्येक वेळी तालुक्याला गेल्या आणि त्रुटी लेखी मागितली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी धोरणाला शिव्या देत नाही. गरिबासाठी केलेली सवलत गरिबाच्या नावाने दुसराच घेऊन जातो, हे नवीन नाही. मला नवीन होते ते वेगळेच. ही चोरी पकडली गेली ती चोराच्या स्वतःच्या फिर्यादीमुळे. पोलीस आपलेच आहेत, ही बाई वाचायला सांगणार नाही आणि हा अधिकारी वाचणार नाही, अशी त्या माणसाला खात्री होती. ती खात्री त्याला कोणी दिली? आम्हीच. माझ्यासारख्या किती अधिकाऱ्यांनी किती वेळा न वाचता अंगठे घेतले असतील, त्याचा हा परिणाम. ती लाज मी लपवत नाही. ती लिहून ठेवली पाहिजे असे मला वाटते.

आता मी असोद्याला असतो. खटल्याची तारीख आली की सकाळची एसटी धरून धुळ्याला जातो. कधी साक्ष होते, बहुतेक वेळा होत नाही, पुढची तारीख मिळते. मागच्या वेळी बाहेरच्या बाकावर अक्का बसल्या होत्या, पाड्यावरच्या तिघी-चौघी बरोबर. व्यापाऱ्याकडचा एक माणूस त्यांच्यापाशी वाकून गोड बोलत होता. "अक्का, तलाव मिळाला ना आता तुम्हाला? संपवून टाका. तडजोड करा."

अक्का म्हणाल्या, "हा, तलाव भेटना. पन आमले चोर म्हनेल शे, ते कोन मांगे ली?"

तो माणूस माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही तरी सांगा ह्यांना. आणि तुम्ही निवृत्त झालात, कशाला हेलपाटे घालता? आजारी आहे म्हणून कळवा, कोण काय म्हणणार आहे?"

मी त्याला पिशवीतले समन्स काढून दाखवले आणि म्हटले, "हे माझ्या नावाचं आहे. पाय चालतात तोवर साक्षीच्या पिंजऱ्यात मीच उभा राहणार. जा, सांग तुझ्या सेठला."

पुकारा झाला तेव्हा अक्का आधी उठल्या. मी त्यांच्या मागोमाग आत गेलो.